कादंबरीकाराचं तोंड कशाला बांधता?

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात कुठंही नव्या कादंबरीवर चर्चा ठेवली, की शेवटी कोणीतरी उभं राहून एक वाक्य म्हणतंच : लेखकानं लिहावं आणि बाजूला व्हावं, कलाकृती स्वतः बोलते. सभागृहात माना डोलतात. लेखकालाही ते सोयीचं वाटतं, कारण हे एकदा मान्य केलं की वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही. हे मत आता इतकं रुळलं आहे, की एखादा कादंबरीकार आपल्या कादंबरीच्या आशयसूत्राबद्दल चार शब्द बोलू लागला तर मागच्या रांगेत कुजबूज होते, ‘पुस्तकात जमलं नाही, म्हणून आता तोंडानं सांगतोय.’

मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. कादंबरी लिहिणाऱ्यानं आपल्या कादंबरीच्या अर्थाबद्दल बोलावं, लिहावं आणि लिहिलेलं जपावं, असं माझं म्हणणं आहे. मी माधवनगरला राहतो, कादंबऱ्या लिहितो, आणि माझ्या बाजूचे सर्वांत भक्कम पुरावे मला माझ्याच जिल्ह्यात सापडतात. ते मांडण्याआधी विरुद्ध बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही.

ती बाजू अशी. लेखकाच्या मनात काय होतं हे कळायला खात्रीचा मार्ग नाही. कळलं तरी पुस्तकाची किंमत त्यावरून ठरत नाही. चांगल्या हेतूनं लिहिलेली वाईट कादंबरी वाईटच असते. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकी समीक्षकांनी 1946 मध्ये हा मुद्दा पद्धतशीर मांडला. पुढं 1967 मध्ये रोलां बार्थ या फ्रेंच लेखकानं तर लेखकाचा मृत्यूच जाहीर केला, म्हणजे अर्थ घडवण्याचं काम त्यानं वाचकाच्या हाती सोपवलं. आपल्याकडं साहित्यकृतीकडं स्वायत्त वस्तू म्हणून पाहण्याची शिस्त कवी-समीक्षक मर्ढेकरांनी रुजवली. शिवाय एक व्यवहारातली भीती आहे : लेखक बोलला की वाचक गप्प होतो. ज्यानं लिहिलं तोच सांगतोय म्हटल्यावर आपण वेगळं काय वाचणार, असं त्याला वाटतं.

पहिले दोन मुद्दे मी मान्य करतो. हेतूवरून किंमत ठरत नाही, हे खरंच आहे. पण किंमत ठरवणं आणि अर्थ समजून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि इथंच सगळी गफलत होते. न्यायनिवाड्यात साक्षीदाराला निकाल देता येत नाही, म्हणून त्याची साक्षच घ्यायची नाही असं कोणी म्हणत नाही. कादंबरीकार हा आपल्या कादंबरीचा साक्षीदार आहे. त्याची साक्ष तपासा, उलटतपासणी घ्या, खोटी वाटली तर फेटाळा. पण त्याला न्यायालयाच्या दारातच अडवून ठेवण्याचं कारण काय? आणि ज्या मर्ढेकरांचा हवाला या बाजूनं दिला जातो, त्यांनीच ‘वाङ्मयीन महात्मता’ मध्ये आत्मनिष्ठेची कसोटी लावली. लेखक स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे की नाही, हे त्याच्याकडं न बघता कसं ठरवायचं? स्वतः मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’, ‘पाणी’ या कादंबऱ्या लिहिल्या आणि कलेविषयी अखेरपर्यंत बोलत राहिले. गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हतेच.

संहितेतच सगळा अर्थ असतो म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे, आणि तो सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकाबद्दल आहे. ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात विराटाचा दरबार आहे, सैरंध्री आहे, कीचक आहे, भीम आहे. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचं नाव त्यात कुठंही नाही. तरी प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला, आणि इंग्रज सरकारनं 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. या दोन तारखांच्या मधे संहितेतला शब्द बदलला नव्हता. मग तो अर्थ कुठं होता? तो लिहिणाऱ्याच्या मनात होता, टिळकांच्या ‘केसरी’त काम करणाऱ्या त्या माणसाच्या आयुष्यात होता, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या लोकांच्या रागात होता. आजच्या वाचकाला यातलं काहीच सांगितलं नाही तर त्याच्या हातात एक पौराणिक नाटक उरतं. खाडिलकरांना तेव्हा मोकळेपणानं बोलता आलं नसतं, कारण तुरुंग समोर होता. आपल्यासमोर तुरुंग नाही. तरी आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला सौंदर्यशास्त्राचं नाव देतो.

आता माझा मुख्य पुरावा. 1959 या एकाच वर्षी मराठीत दोन कादंबऱ्या आल्या. एक ‘ययाति’, जिचे लेखक वि. स. खांडेकर 1898 मध्ये सांगलीत जन्मले. दुसरी ‘फकिरा’, जिचे लेखक अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. एक पौराणिक राजवाड्यात घडते, दुसरी दुष्काळ आणि सरकारी हजेरीच्या जाचात होरपळणाऱ्या मांगवाड्यात. एकीचे लेखक शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेले शिक्षक, दुसरीचे लेखक शाळेत जेमतेम गेलेले शाहीर. तरीही ‘फकिरा’ची प्रस्तावना खांडेकरांची आहे. आपल्या जिल्ह्याच्या साहित्यात याहून मोठा योग मला दुसरा दिसत नाही, आणि त्याबद्दल इतकं कमी का बोललं जातं हे मला कळत नाही.

अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. ते स्वतः कम्युनिस्ट चळवळीतले, लाल बावटा कलापथकातले. कामगारांच्या सभांतून पोवाडे गाणाऱ्या या माणसानं आपली सर्वांत गाजलेली कादंबरी अर्पण करताना कोणाची आठवण काढली, हे अर्थाच्या दृष्टीनं किरकोळ आहे का? ‘फकिरा’ वर्गसंघर्षाची कादंबरी की जातीच्या जाचाविरुद्धची, की गावासाठी प्राण देणाऱ्या एका वीराची, हा वाद अजून चालू आहे आणि चालू राहावा. पण त्या वादात लेखकानं स्वतःच्या हातानं लिहिलेली ती एक ओळ पुरावा म्हणून येणारच. लेखकानं बाजूला व्हावं म्हणणाऱ्यांनी मग पुढचं पाऊल टाकून अर्पणपत्रिकेचं पान फाडून टाकायला सांगावं. ते कोणी सांगत नाही. ती एक ओळ चालते, आणि तीच गोष्ट दहा पानांत सांगितली की मात्र अपराध होतो. यात तत्त्व कुठलं आहे?

दहा पानांचा अपराध खांडेकरांनी आयुष्यभर केला. स्वतःच्या कादंबऱ्यांना त्यांनी प्रस्तावना जोडल्या, आणि ‘ययाति’ला ‘पार्श्वभूमी’ लिहिली. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकर वादात ‘जीवनासाठी कला’ ही त्यांची बाजू, त्यामुळं त्यांच्या प्रस्तावना म्हणजे कादंबरीतून उरलेला उपदेश, असा शिक्का बसला. मराठीच्या वर्गांत खांडेकरांची प्रस्तावना हा हसण्याचा विषय झाला. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ‘पार्श्वभूमी’ मूळ कादंबरीशेजारी ठेवून वाचली, हे मला विचारावंसं वाटतं. कारण ती तशी वाचली की उपदेशाहून फार वेगळं काही हाती लागतं.

‘पार्श्वभूमी’त खांडेकर ययातीची कथा आपल्या मनात कशी रुजली ते सांगतात, महाभारतातल्या कथेपासून आपण कुठं दूर गेलो ते सांगतात, आणि भोगामागं धावणाऱ्या आजच्या माणसाशी तिचं नातं जोडतात. म्हणजे आशयसूत्र त्यांनी उघड मांडलं : अनिर्बंध वासना आणि तिला आवर घालणारं काहीतरी. आता कादंबरी उघडा. ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून उलगडते. महाभारतातला कच संजीवनी विद्या घेऊन देवलोकी परततो आणि या कथेतून बाहेर पडतो. खांडेकरांनी त्याला परत आणलं आणि शेवटपर्यंत ठेवलं. का? कारण त्यांच्या सूत्राला ययातीच्या समोर उभा राहील असा संयमी माणूस हवा होता. महाभारतातल्या ययातीला उपभोगानं तृप्ती होत नाही हे कळायला आपल्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य घेऊन हजार वर्षं घालवावी लागतात. खांडेकरांच्या ययातीला ते फार लवकर कळतं. हीसुद्धा सूत्राची गरज. ज्या लेखकाला वाचकाला सावध करायचं आहे, त्याला हजार वर्षं थांबायला सवड नसते.

आणि देवयानी? तिच्याकडं पाहिलं की सूत्र थिटं पडतं. कचानं नाकारलेली, वडिलांच्या तपाच्या छायेत वाढलेली, राजकन्येला दासी करून मिरवणारी आणि तरीही कुठंच न निवणारी ही बाई भोगलालसेच्या हिशेबात मावत नाही. तिच्या दुखावलेल्या अभिमानाला जी धार आहे, ती कचाच्या शहाणपणाच्या बोलण्याला नाही. माझं मत स्पष्ट सांगतो : ‘ययाति’त कच सूत्रासाठी आला आहे आणि देवयानी कादंबरीसाठी, आणि म्हणूनच वाचून इतकी वर्षं झाली तरी मला देवयानी आठवते. पण हे मत मी इतक्या नेमकेपणानं बांधू शकलो ते ‘पार्श्वभूमी’ हाताशी होती म्हणून. लेखकाला काय म्हणायचं होतं आणि कादंबरी काय म्हणून गेली, यांतलं अंतर मोजायला दोन्ही टोकं लागतात. खांडेकरांनी एक टोक प्रामाणिकपणानं आपल्या हाती दिलं. त्यांच्यावर टीका करायचं साधन त्यांनीच पुरवलं. हा मोठेपणा आहे, आणि आपण त्याची टर उडवली.

याच कथेवर दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, कन्नडमध्ये एक नाटक आलं : गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’. माथेरानला जन्मलेला आणि धारवाडला शिकलेला हा मुलगा तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. इंग्लंडला शिकायला जायची तयारी चालली होती आणि घरच्या अपेक्षांचं ओझं मनावर होतं. त्याच्या नाटकात चुकणाऱ्या बापापेक्षा, ज्याच्याकडं तारुण्य मागितलं जातं तो पुरू आणि त्याची नवी नवरी महत्त्वाची ठरतात. कार्नाडांनी पुढं स्वतःच लिहिलं, की ही पुराणकथा तेव्हाच आपल्याला का भिडली हे मागाहून लक्षात आलं : वडीलधारी माणसं आपल्याकडं त्याग मागतात याचा राग त्यात उतरला होता. खांडेकर तेव्हा साठी ओलांडलेले. एकाच कथेत वयस्क माणसाला चुकलेला बाप दिसला आणि तरुणाला बळी दिला जाणारा मुलगा. दोघे बोलले म्हणून हे आपल्याला कळलं. कार्नाडांचं बोलणं मला अधिक मोलाचं वाटतं, कारण त्यात हेतूची घोषणा नाही. लिहून झाल्यावर आपल्याच लिखाणाचा लागलेला शोध आहे. ‘हेतू कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी या प्रकाराचा विचारच केलेला नाही. लेखकालाही आपला अर्थ नंतर कळू शकतो, आणि तेव्हा तो सांगण्यासारखा असतो.

इथं कोणी व्यंकटेश माडगूळकरांचं नाव पुढं करील. माणदेशच्या या लेखकानं ‘बनगरवाडी’ 1955 मध्ये लिहिली आणि तिचा अर्थ सांगत बसला नाही. पोरसवदा मास्तर येतो, धनगरांची वस्ती त्याला हळूहळू आपलंसं करते, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. यात आशयसूत्र कुठलं? दुष्काळ, शिक्षण, की माणसं जोडली जाणं आणि तुटणं? माडगूळकरांनी ते उघडं ठेवलं. मान्य. पण माडगूळकर मुके नव्हते. ‘प्रवास : एका लेखकाचा’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं, आणि आपली माणसं, आपला मुलूख, आपलं वाचन यांबद्दल ते मनापासून बोलले. अर्थ सांगायचा नाही ही त्यांची निवड होती. तिचा नियम करून बाकीच्यांवर लादणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

दुसरी एक आघाडी आहे आणि तिच्याशीही मला भांडायचं आहे. ही मंडळी लेखकाला बोलायला लावतात, पण भलत्या गोष्टीसाठी. शाळेच्या पेपरात ‘मध्यवर्ती कल्पना थोडक्यात लिहा’ हा प्रश्न सोडवून आलेली पिढी कादंबरीलाही तोच प्रश्न घालते. संदेश काय? सभेचे सूत्रसंचालक वेळ कमी आहे म्हणत तो एका वाक्यात मागतात. प्रकाशक मलपृष्ठावर चार ओळींत मागतात. आणि काही लेखक तो आधीच ठरवून लिहायला बसतात, म्हणजे मागाहून सांगायला सोपं जातं. या मागणीमुळंच ‘लेखकानं बोलू नये’ ही प्रतिक्रिया उठली, हे मला कळतं. एका वाक्यात सांगता येण्यासारखं असेल तर वाक्यच लिहावं, त्यासाठी तीनशे पानं कशाला? टॉलस्टॉयनं ‘अ‍ॅना करेनिना’बद्दल एका मित्राला कळवलं होतं, की या कादंबरीतून जे म्हणायचं होतं ते शब्दांत सांगायचं तर तीच कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागेल. हे वाक्य लेखकानं मौन पाळावं यासाठी नेहमी वापरलं जातं. पण ते एका लेखकानं आपल्या कादंबरीच्या अर्थाबद्दल केलेलं बोलणंच आहे, आणि याच टॉलस्टॉयनं ‘वॉर अँड पीस’च्या शेवटी इतिहास कसा घडतो यावर पानंच्या पानं लिहिली.

सूत्र असणं हा दोष नव्हेच. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, विधवांच्या दुःखावरची. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यानंतर तीन-चार दशकांनी ‘करमणूक’मधून क्रमशः आली, तीही बालविवाहात आणि वैधव्यात चिरडल्या जाणाऱ्या बाईची. दोघांनाही समाजाला काहीतरी सांगायचं होतं आणि दोघांनीही ते लपवलं नाही. आपट्यांनी तर तक्रार पुस्तकाच्या नावातच घातली. तरी पहिली आज मुख्यतः अभ्यासक वाचतात आणि दुसरी वाचताना अजून घसा दाटतो. फरक आपट्यांच्या नायिकेच्या, यमूच्या, आवाजाचा आहे. ती आपलं बालपण, माहेर, सासर, नवऱ्याशी जडलेला जीव असं एकेक सांगत जाते, आणि सुधारणेचा मुद्दा वेगळा काढून दाखवण्याची वेळच येत नाही. सूत्र उघड आहे की झाकलेलं, यावरून वाद घालणारे हा फरक विसरतात. आपट्यांनी आपला हेतू ओरडून सांगितला असता तरी यमू लहान झाली नसती.

आता माझ्याकडं वळतो, कारण दुसऱ्यांना बोला म्हणायचं आणि स्वतः झाकून ठेवायचं हे बरं नाही.

माझ्या एका कादंबरीत माधवनगरचा खर्चीवाला यंत्रमागधारक आहे. माग त्याचे, सूत व्यापाऱ्याचं. हा मजुरीवर कापड विणून देतो. लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट मला सांगायची होती : स्वतःला मालक म्हणवून घेणारा हा माणूस प्रत्यक्षात मजूरच आहे, आणि त्या ‘मालक’ शब्दाच्या पायी तो मजुरांच्या बाजूनं कधी उभा राहू शकत नाही. पहिला खर्डा या सूत्रावर नीट चालला. माणसं बरोबर वागत होती, बरोबर बोलत होती, आणि कादंबरी निर्जीव होती. दुसऱ्या खर्ड्यात एका प्रसंगासाठी मला घरातली हिशेबाची वही कोणाच्या तरी हातात द्यायची होती. ती मी त्याच्या बायकोच्या हातात दिली. ती कांड्या भरते, घर चालवते, आणि त्या वहीमुळं तिला आकडे कळतात. मग एक गोष्ट माझ्यापुढं आपोआप उभी राहिली : हा धंदा बुडतोय हे या बाईला नवऱ्याच्या आधी दोन वर्षं माहीत होतं, आणि ती बोलली नाही. ती का बोलली नाही, हीच पुढं कादंबरी झाली. माग भंगारात जातात तो प्रसंग मी शेवटासाठी राखून ठेवला होता. तो मधेच उरकला गेला. माझं पहिलं सूत्र पुस्तकात आहे, पण आता ते त्या बाईच्या मौनाखाली आहे.

ही साक्ष माझ्याखेरीज कोणी देऊ शकत नाही. छापील पुस्तकात फक्त शेवटचा खर्डा असतो. वही तिच्या हातात येण्याआधी कादंबरी दुसऱ्याच दिशेला चालली होती, हे पुस्तक वाचून कळणार नाही. आणि ते कळलं तर वाचकाचं नुकसान काय झालं? उलट नव्यानं लिहू पाहणाऱ्या एखाद्या पोराला हे कळलं, तर आपलं सूत्र हातातून निसटतंय म्हणून घाबरून तो लिखाण टाकून देणार नाही.

लेखक बोलला की वाचक गप्प होतो, या भीतीचं उत्तरही मला याच पुस्तकानं दिलं. कुपवाडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एक वाचक भेटले. मी वही आणि मौन यांबद्दल जे काही सांगत होतो ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘ते असंल साहेब. पण ही झोपेची कादंबरी आहे.’ यात कोणीच पुरं झोपत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी घरी येऊन पुस्तक चाळलं. खरंच होतं. पाळ्या बदलतात, पहिल्या पाळीचा माणूस उठतो त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा येऊन पडतो, बाई पहाटे वही उघडते, म्हातारा खोकत बसतो. मी हे ठरवून केलं नव्हतं. त्यांचं वाचन पुस्तकात पक्कं उभं आहे आणि ते मी मानतो.

पण त्यावर माझ्याकडं भर घालण्यासारखं काहीतरी होतं. मागांच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला खडखडाटात झोप लागते. वीज गेली, माग थांबले, की अख्खी गल्ली जागी होते. शांततेनं जाग येते, कारण शांतता म्हणजे बुडालेली मजुरी. कादंबरीच्या शेवटच्या रात्री माग कायमचे थांबलेत आणि ती बाई जागी आहे. त्या वाचकांना तिथं विसावा दिसला होता : सुटली एकदाची. मी म्हटलं, नाही, ती घाबरलेली आहे. या गल्लीत आवाज बंद होणं म्हणजे भीती. त्यांनी ते मान्य केलं नाही. ‘तुम्ही रात्रपाळी केली नाही,’ म्हणाले, ‘म्हणून तुम्हाला भीती दिसते.’ वाद तिथंच राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. माझ्या बोलण्यानं त्यांचं तोंड बंद झालं नाही. उलट माझ्या साक्षीमुळं त्यांना आपलं वाचन अधिक जोरानं मांडता आलं. ज्या वाचकाला लेखकाच्या एका वाक्यानं दबून जाईल इतका दुबळा समजून आपण त्याचं रक्षण करायला निघालो आहोत, तो वाचक मला तरी भेटलेला नाही.

इटलीच्या उंबेर्तो एकोनं ‘द नेम ऑफ द रोझ’ गाजल्यावर 1983 मध्ये तिच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. कादंबरीकारानं अर्थनिर्णय देऊ नये, असं तो त्यात बजावतो, आणि मग कादंबरी कशी आणि का रचली हे मोकळेपणानं सांगतो. मला हा मार्ग बहुतांशी पटतो. एकाच ठिकाणी मी त्याच्यापुढं जातो : कशी रचली हे सांगताना अर्थ आपोआप येतोच, तर तो चोरून आणण्यापेक्षा उघड आणावा. ‘मला असं म्हणायचं होतं, पुस्तकात ते इथं आहे, आणि इथं ते माझ्या हातून सुटलं’ असं बोलण्यात कमीपणा कसला?

म्हणून माझ्या बरोबरीच्या लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. कादंबरी छापून आली की तिच्याबद्दल दहा पानं लिहा. जाहिरातीसाठी नको, सभेतल्या टाळ्यांसाठी नको. कुठून निघालात, कुठं वळलात, कुठल्या पात्रानं तुमचं सूत्र मोडलं, कुठला प्रसंग गळाला आणि का, ते लिहा. पहिले खर्डे जपा. आता आपण संगणकावर लिहितो आणि जुन्या मजकुरावरच नवा चढवतो. वळण कुठं घेतलं याची खूणही मागं राहत नाही. 2019 च्या महापुरात सांगली नगरवाचनालयाची किती जुनी पुस्तकं भिजून गेली ते आपण पाहिलं. छापील पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती कुठंतरी मिळतील, हस्तलिखिताची दुसरी प्रत नसते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी हयात लेखकांकडून खर्डे, टिपणं, पत्रं मागून घ्यावीत, ती उंच मजल्यावर ठेवावीत आणि त्यांच्या प्रती काढाव्यात. लेखक गेल्यावर घरचे लोक माळा आवरतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

प्रकाशकांना सांगणं एवढंच, की जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या काढताना पानं वाचवण्यासाठी लेखकाच्या प्रस्तावना गाळू नका.

आणि वाचकहो, तुम्ही ‘ययाति’ पुन्हा हातात घ्या. आधी कादंबरी पुरी वाचा, मग ‘पार्श्वभूमी’ वाचा. खांडेकरांचं जिथं पटणार नाही तिथं समासात तसं लिहून ठेवा. आणि तुमच्या गावात कोणी कादंबरीकार असेल, तर त्याला बोलतं करा आणि त्याच्याशी भांडा.